दहा दिवसांची राखण

देवचंद सुरवाडेचं काम लोक निघून गेल्यावर सुरू व्हायचं. दीपनगरच्या वीज केंद्राची वसाहत मोठी, पण तिथं कायमचं कुणीच नसतं. आज इथं असलेला साहेब उद्या परळीला, परवा कोराडीला. सामानाचा ट्रक गेला की क्वार्टरची किल्ली देवचंदच्या हातात पडायची. मग तो वही आणि पक्कड घेऊन आत शिरायचा. पंखे तीन, होल्डर सात, नळ चार, न्हाणीघराची कडी शाबूत, असं लिहून क्वार्टर पुढच्या माणसासाठी ताब्यात घ्यायचा. अकरा वर्षं तो हेच करत होता.

लोक काय काय मागं टाकून जातात याचं त्याला नवल उरलं नव्हतं. कुंडीतली तुळस, एका पायाची खुर्ची, चौकटीवर पोरांची उंची मोजलेल्या पेन्सिलच्या रेघा. आणि दर मे महिन्यात दोन-तीन कुत्री. पोरांच्या हट्टापायी कधीतरी आणलेली, बदली झाली की ट्रकमध्ये जागा नाही म्हणून राहिलेली. ती काही दिवस बंद दारासमोर बसायची, मग कँटीनमागच्या उकिरड्यावर दिसायची, मग दिसायची नाहीत. देवचंद मूळचा वरणगावकडचा. त्याच्या गावात कुत्रं गल्लीचं असे. ते कुणी पाळलेलं नसे, म्हणून कुणी टाकलेलंही नसे. त्यामुळं दारात बसलेल्या त्या कुत्र्यांचं नेमकं काय चुकलंय, याचा विचार त्यानं कधी केला नव्हता. वहीत त्यांचा रकाना नव्हता.

सत्त्याऐंशी सालच्या मे महिन्यात धारणे साहेबांचं क्वार्टर खाली झालं. साहेब शुक्रवारी संध्याकाळी परळीला गेले आणि देवचंद सोमवारी सकाळी किल्ली घेऊन आला. पुढच्या खोल्या त्यानं मोजल्या. मागचं दार उघडलं तर धुण्याच्या दगडापाशी, नळाला, नायलॉनच्या दोरीनं एक कुत्री बांधलेली. पांढरी, लांब केसांची, कोल्ह्यासारख्या तोंडाची. त्या काळी साहेबलोकांत तसली कुत्री पाळायची टूम होती. जवळ वाळून पापडासारख्या झालेल्या पोळ्या पडल्या होत्या. ती दोरीभोवती फिरफिरून नळाला इतकी गुंडाळली गेली होती, की मान वळवायलाही जागा उरली नव्हती.

तीन दिवस आणि भुसावळचा मे. जिवंत कशी राहिली, हे त्याला नळाकडं पाहून कळलं. नळाचा वायसर गेला होता. थेंब, थेंब, थेंब. धारणे साहेबांनी दोन महिने तक्रार केली होती आणि देवचंदनं दोन महिने आज-उद्या केलं होतं. त्याच्या कामचुकारपणाचं पाणी चाटून ती जगली होती. तो नुसता पाहत राहिला. आपण न केलेल्या कामानं एक जीव वाचावा, हे त्याला कुठं बसवावं ते कळेना.

मग तो खाली वाकला आणि पक्कड दोरीत घालायला त्यानं हात पुढं केला. कुत्रीनं मनगट धरलं. दात हाडापर्यंत गेले. त्यानं दुसऱ्या हातानं दोरी कापली तेव्हा तिनं सोडलं. त्याला वाटलं, आता ही पळणार. ती पळाली नाही. दोन पावलं गेली, खाली बसली आणि त्याच्या मनगटातून फरशीवर पडणाऱ्या रक्ताकडं पाहत धापा टाकू लागली.

दवाखान्यातल्या डॉक्टर नेहेतेबाईंनी आधी जखम साबणानं पंधरा मिनिटं धुवायला लावली. मग विचारलं, कुत्री कुणाची, तिला लस टोचलेली आहे का. देवचंदला काहीच सांगता येईना. बाईंनी बेंबीशेजारी पहिलं इंजेक्शन दिलं आणि असली चौदा घ्यायची म्हणून सांगितलं. मग समोर खुर्ची ओढून बसल्या.

"नीट ऐका, देवचंदभाऊ. कुत्री पिसाळलेली असेल तर दहा दिवसांत ती स्वतःच मरते. दहा दिवस ती धडधाकट राहिली, तर तुम्हाला भीती नाही, उरलेली इंजेक्शनं मी बंद करीन. म्हणून तिला मारू द्यायचं नाही, पळू द्यायचं नाही. ती तुमच्या डोळ्यांसमोर जगली पाहिजे."

लक्षणंही बाईंनी सांगितली. खाणंपाणी सोडलं, अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन बसली, उगाच माती उकरायला लागली, लाळ गाळायला लागली, जवळच्या माणसावर गुरगुरली, तर लगेच येऊन सांगायचं.

देवचंदनं दहा दिवसांची रजा टाकली. तो परत गेला तेव्हा कुत्री तिथंच, बंद दाराला नाक लावून बसली होती. सुती दोर तिच्या गळ्यात सैल अडकवून त्यानं तिला आपल्या क्वार्टरच्या मागच्या अंगणात आणलं आणि निंबाच्या बुंध्याला बांधलं. पोरगी सासरी गेलेली, घरात तो आणि मंदाबाई दोघंच. मंदाबाई अमळनेरकडची, तिची बोली लग्नाला तेवीस वर्षं होऊनही माहेरचीच राहिली होती. तिनं नवऱ्याच्या हाताची पट्टी पाहिली, कुत्री पाहिली.

"तिले आठे कसाले लई उनात?"

तिला इथं का आणलं, ते त्यानं सांगितलं. मंदाबाई ऐकत ऐकत उंबऱ्यावरच बसली. मग आत जाऊन तिनं एक जर्मनचं भगुणं आणलं, पाण्यानं भरलं आणि काठीनं ढकलत कुत्रीपुढं सरकवलं. देवचंदनं तिला बजावलं, यापुढं अंगणात तू पाय ठेवायचा नाही. एकाला चावली तेवढं पुरे.

कुत्री भगुण्यापाशी आली. हुंगलं. आणि पाणी प्यायली.

देवचंदनं त्या दिवसापर्यंत कुत्र्याला पाणी पिताना हजारदा पाहिलं असेल, पण पाहिलं असं कधीच नव्हतं. जीभ बाहेर येते, टोकाशी उलटी मागं वळते, इवल्याशा पळीसारखं पाणी उचलते आणि ते सांडायच्या आत तोंड मिटतं. क्षणात चारदा, पाचदा. लपलप आवाज. प्रत्येक घोटागणिक त्याच्या छातीवरचं ओझं गुंजभर उतरत होतं. लहानपणी आजी सांगायची त्या गोष्टीत राक्षसाचा जीव पोपटात असायचा. त्याचा जीव आता निंबाखाली बांधलेला होता, पांढरा, झुपकेदार, आणि तो पाणी पीत होता.

बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. शेजारचा सुकदेव काठी आणि पोतं घेऊन आला. माणूस वाईट नव्हता. त्याच्या मेहुण्याला गावी पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं आणि त्याचं मरण सुकदेवनं डोळ्यांनी पाहिलं होतं. गल्लीत पोरंबाळं आहेत, मी गुपचूप रेल्वे रुळापलीकडं नेऊन काम उरकतो, असं तो म्हणाला. देवचंद दारात आडवा उभा राहिला.

"सुकदेवभाऊ, तिले काठी लागली तं मले लागली समज."

डॉक्टरबाईंचं म्हणणं त्यानं समजावून सांगितलं. सुकदेवला ते निम्मंच पटलं. पण तो काठी घेऊन परत गेला आणि आपल्या पोरांना त्यानं त्या भिंतीकडं फिरकायची बंदी केली.

कंट्रोल रूममध्ये तोताराम नावाचा ऑपरेटर देवचंदच्या ओळखीचा होता. तिथल्या फोनवरून परळीशी बोलता यायचं, तेही विजेच्याच तारांवरून. तिसऱ्या दिवशी तोतारामनं धारणे साहेबांना गाठलं. देवचंदनं खरखरत्या आवाजात एवढंच विचारलं, की कुत्रीला लस टोचली होती का. मग साहेब म्हणाले, ती कुत्री आमची नव्हतीच, पोरं पोळी टाकायची म्हणून यायची. देवचंदनं फोन ठेवला. नळाला मारलेली दुहेरी गाठ त्याच्या डोळ्यांपुढून जाईना.

मग दिवस मोजणं सुरू झालं. सकाळी दवाखान्यात जाऊन इंजेक्शन घ्यायचं, पोटावर उठलेली गाठ चोळत घरी यायचं आणि निंबाखाली, दोर पोचणार नाही इतक्या अंतरावर बाज टाकून बसायचं. अकरा वर्षं बंद घरांतल्या वस्तू मोजणाऱ्या माणसाला आता मोजायला एकच जिवंत वस्तू होती. आणि ती संपेना. ती झोपते तेव्हा आधी तीनदा गोल फिरते. झोपेत तिचे पाय पळतात. केंद्राच्या चिमणीतून राख उतरू लागली की ती शिंकते. दुपारचा भोंगा वाजायच्या आधीच तिचे कान उभे राहतात. भोंगा तिला आधी कुठून ऐकू येतो ते त्याला कळलं नाही. पाचला, ऑफिस सुटायच्या वेळी, ती उठून धारणे साहेबांच्या जुन्या क्वार्टरच्या दिशेला तोंड करून बसायची. बरोबर पाचला. तासभर. साहेब रोज त्या वेळी घरी यायचे, हे देवचंदला ठाऊक होतं. तो तिच्या पाठीकडं पाहत राहायचा. आपण कुणाची अशी वाट पाहिली होती का, हे आठवायचा त्यानं प्रयत्न केला आणि सोडून दिला.

पाचव्या दिवशी तिनं शेपटी हलवली. एकदाच, त्यानं भाकरी टाकल्यावर. सहाव्या दिवशी त्यानं बाज हातभर पुढं घेतली. सातव्या दिवशी ती दोर ताणून आली आणि त्याच्या मनगटाची पट्टी हुंगून परत गेली. त्या दिवशी तो दोन भाकरी जास्त जेवला. मंदाबाई खिडकीतून पाहत होती. कुत्री अंगानं भरत चालली आहे, असं ती म्हणाली. देवचंद म्हणाला, तुझ्या भाकरींनी.

आठव्या दिवशी सकाळी कुत्रीनं भाकरीकडं पाहिलं नाही.

त्यानं भगुणं पुढं सरकवलं. पाण्याकडंही पाहिलं नाही. ती धुण्याच्या मोरीमागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन बसली, लगेच उठली, पुढच्या पायांनी माती उकरू लागली. थांबली. पुन्हा उकरू लागली. जीभ बाहेर लोंबत होती आणि तिच्यावरून लाळेचा धागा मातीत उतरत होता. देवचंदनं एक पाऊल टाकलं तशी ती गुरगुरली.

बाईंनी सांगितलेलं एकेक लक्षण समोर मांडून ठेवलं होतं. काही म्हणजे काही उरलं नव्हतं.

तो बाजेवर बसला. आठवं इंजेक्शन घ्यायचं राहिलं होतं, पण उठवेना. सुकदेवचा मेहुणा पाण्याचा पेला पाहून कसा ओरडायचा, ते त्यानं ऐकलेलं होतं. घराच्या भिंतीवरची तसबीर, पोरीचं लग्नातलं हसू, मंदाचं पुढं काय, असलं कायबाय डोक्यातून जात होतं. भिंतीपलीकडून सुकदेवनं डोकावून पाहिलं. त्यालाही कळलं. तो हळू आवाजात म्हणाला, की आता डॉक्टरबाईंना बोलावून आणतो, आणि गेला.

मंदाबाई तेवढ्यात अंगणात आली. त्यानं तिला हातानं अडवलं. तिनं तो हात बाजूला केला. ती मोरीपासून चार हातांवर उकिडवी बसली आणि कुत्रीकडं पाहू लागली. कुत्रीच्या डोळ्यांकडं न बघता तिच्या कुशीकडं. कुशीवरून एक लाट सरकत मागं गेली. थोडा वेळ गेला. पुन्हा एक लाट. कुत्रीनं मान वळवून आपल्याच पाठीमागं पाहिलं, जणू कुणी हाक मारली.

मंदाबाईच्या माहेरी शेळ्या होत्या. तिनं वळून नवऱ्याकडं पाहिलं.

"येडी नई शे ती. व्याई ऱ्हायनी."

देवचंदला आधी शब्द कळले, अर्थ मागाहून आला. दाट केसांनी झाकलेलं ते पोट भाकरींनी भरलं नव्हतं. नळाला बांधलेले तीन दिवस, मे महिन्याचं ऊन, थेंबाथेंबाचं पाणी, हे सगळं तिनं पोटातल्यांसकट काढलं होतं. तिनं हात का चावला, तेही त्याला तेव्हाच कळलं.

मंदाबाईनं गोणपाटं भिजवून मोरीवर आडवी टाकली, खाली जुनं लुगडं अंथरलं आणि दोघं मागं सरून बसले. डॉक्टरबाई सुकदेवबरोबर घाईघाईनं आल्या, पाहिलं आणि हसल्या. आठवं इंजेक्शन त्यांनी तिथंच बाजेवर दिलं.

पहिलं पिलू दुपारी दोनला झालं. पातळ पडद्याची एक ओली पोटली मातीवर आली. कुत्रीनं ती दातांनी फाडली. त्याच दातांनी, देवचंदच्या मनात आलं, ज्यांनी माझं हाड गाठलं. आणि त्या दातांच्या मध्ये नख बुडेल इतकं मऊ काहीतरी होतं, त्याला ओरखडासुद्धा उठला नाही. तिनं नाळ तोडली, चाटलं, उलथंपालथं करून पुन्हा चाटलं, आणि त्या गोळ्यातून चूंक असा आवाज आला. तिला हे कुणी शिकवलं होतं? धारणे साहेबांच्या दिवाणखान्यात गालिच्यावर वाढलेली, आई कधी पाहिली नसेल अशी ती कुत्री एक एक काम असं करत होती, की जणू हजार वेळा केलेलं आहे.

चौथं पिलू हललं नाही. मंदाबाईनं डोळे मिटून घेतले. कुत्रीनं त्याला चाटलं. नाकानं ढकललं. पुन्हा चाटलं. देवचंदला वाटलं, आता सोडेल. ती सोडेना. भोंगा वाजला, तिचे कान आज उभे राहिले नाहीत. ती चाटत राहिली, त्याच एका जागी, छातीवर, खरखरीत जिभेनं, आणि कितीतरी वेळानं त्या मेलेल्या गोळ्यानं तोंड उघडलं आणि श्वास ओढला.

देवचंद उठून उभा राहिला. का उठला ते त्याला सांगता आलं नसतं. विहारात वंदनेला उभे राहतात तसा तो उभा होता, डोक्यावरची टोपी हातात घेऊन. सुकदेव भिंतीपलीकडून पाहत होता.

"बठ्ठा जित्ता शेतस," चारही जिवंत पिलं बोटांवर मोजत मंदाबाई पुटपुटली.

पाचला कुत्री उठली नाही. साहेबांच्या क्वार्टरकडं तिनं तोंड केलं नाही. मंदाबाईनं भगुणं तिच्या तोंडाशी नेलं, आपल्या हातानं धरलं, आणि ती सगळं पाणी प्यायली.

दहाव्या दिवशी डॉक्टरबाईंनी कुत्री पाहिली, देवचंदचं मनगट पाहिलं आणि उरलेली चार इंजेक्शनं बंद केली. देवचंद घरी आला, भर सकाळी बाजेवर आडवा झाला आणि संध्याकाळपर्यंत झोपला.

जूनमध्ये धारणे साहेब मुलीचा शाळेचा दाखला न्यायला दीपनगरला आले. त्यांना कुणीतरी सांगितलं असावं. ते देवचंदच्या फाटकाशी येऊन उभे राहिले, आत मात्र येईनात. कुत्रीनं त्यांना पाहिलं. पिलांच्या तोंडातून सुटून ती धावली आणि साहेबांच्या पायांवर पडली, लोळली, उठली, उड्या मारल्या, बूट चाटले, गळ्यातून असा आवाज काढला जो देवचंदनं त्या महिन्याभरात एकदाही ऐकला नव्हता. कुठं राग नाही. कुठं हिशेब नाही. नळाची दोरी तिच्या मनात उरलीच नव्हती, किंवा उरूनही तिनं ती बाजूला ठेवली होती. असं आपल्याला जमेल का? देवचंदला ते अंगावर काटा आणणारं वाटलं.

साहेब खाली बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही. तसेच बोलले. गाभण आहे हे कळल्यावर बायकोनं नको म्हटलं होतं. पोरांना कुत्री पळून गेली असं सांगितलं होतं. दुसऱ्याच दिवशी क्वार्टर ताब्यात घेतील, कुणीतरी सोडवेल, असं वाटलं होतं. पोळ्या ठेवल्या होत्या.

"हिचं नाव काय, साहेब?" देवचंदनं विचारलं. इतके दिवस त्यानं तिला कसलीच हाक मारली नव्हती.

"मऊ," साहेब म्हणाले. "मुलीनं ठेवलंय."

नावासरशी तिनं कान टवकारले. साहेबांनी मग विचारलं, एक पिलू मुलीसाठी नेऊ का. नोकरीत देवचंदनं कुठल्या इंजिनियरला नाही म्हटलं नव्हतं. त्यानं थोडा विचार केला.

"नाही, साहेब. तुमची बदली पुन्हा होईल."

साहेबांनी मान हलवली. ते निघाले तशी मऊ त्यांच्यामागून कोपऱ्यापर्यंत गेली. तिथं थांबली. मागं पिलं किरकिरत होती, पुढं साहेब चालले होते. तिनं एकदा इकडं पाहिलं, एकदा तिकडं. मग ती परत फिरली, सावकाश, आणि मोरीमागं जाऊन पिलांवर आडवी झाली. देवचंद फाटक लावायचं विसरून पाहत उभा होता.

पिलं त्यानं दोन महिन्यांनी दिली. एक तोतारामनं नेलं, एक सुकदेवनं, पोरांना विचारून. एक अमळनेरला मंदाबाईच्या भावाकडं गेलं. चौथं, ते उशिरा श्वास घेतलेलं, डॉक्टरबाई घेऊन गेल्या. देताना देवचंद प्रत्येकाला विचारायचा, हे बारा-तेरा वर्षं जगेल, तोवर तुम्ही कुठं असाल? लोकांना हसू यायचं, पण उत्तर दिल्याशिवाय तो पिलू देत नसे. वहीत त्यानं आपल्याच हातानं एक रकाना आखला, आणि घर सोडणाऱ्या माणसाला कुत्रं कुठं जाणार हे विचारल्याशिवाय तो किल्ली घेईना. एक-दोघं चिडले. एकानं वरपर्यंत तक्रार केली. वरच्यांनी वही पाहिली आणि रकान्यासकट तशीच परत दिली.

पुढच्या मे महिन्यात तो मऊला लस टोचून घ्यायला भुसावळच्या जनावरांच्या दवाखान्यात गेला. एसटीत कंडक्टर कुरकुरला, म्हणून अर्ध्या वाटेत उतरून दोघं पायी गेले. दवाखान्यात म्हशी होत्या, बैल होते, पाय मोडलेली एक शेळी होती. कुत्रं घेऊन आलेला तो एकटाच. टेबलावरच्या माणसानं कागद पुढं ओढला आणि मान वर न करता विचारलं, मालक कोण. देवचंदनं देवचंद पुंडलिक सुरवाडे असं पूर्ण नाव सांगितलं, आणि विचारलं नव्हतं तरी घरचा पत्ताही सांगितला.